मिटल्या तोंडाचा मारवा

१

मालन घाडीगावकरची दुपार ठरून गेलेली होती. एक वाजता जेवण, दीडला भांडी, आणि तीनच्या ठोक्याला मागची खोली. खिडकी लावून घ्यायची, पंखा बंद करायचा, हेडफोन चढवायचे, मांडीवर वही घ्यायची आणि ज्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, त्याचा आवाज दीड तास ऐकायचा.

तो माणूस म्हणजे पंडित नंदकुमार आगटे. जाऊन अठरा वर्षं झाली होती. मालनचा त्यांच्यावरचा संताप मात्र ठणठणीत होता. सत्तावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती, टेलिफोन खात्यातली नोकरी मुदतीआधीच सोडून झाली होती. पण बुवांची आठवण आली की कानशिलं आजही विशीतल्यासारखी तापायची.

महिन्यापूर्वी बुवांचा मुलगा देवव्रत भांडुपला तिच्या घरी आला. अंधेरीला त्याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. सोफ्याच्या कडेवर टेकून त्यानं बॅगेतून एक टॅब्लेट, काडेपेटीएवढी काळी डबी आणि जाडजूड हेडफोन काढून टीपॉयवर मांडले.

"मालनताई, बाबांनी घरी रेकॉर्ड केलेली टेपची स्पूल सापडली. माळ्यावर होती. सगळी ट्रान्सफर केली मी, हाय-रेझोल्यूशनमध्ये. हे मोबाईलवरचं गाणं नाही हं. बाबांनी मांडी बदलली तरी कळतं यात."

"मग मी काय करू?"

"कुठली तारीख, कुठली बंदिश, साथीला कोण, हे आता फक्त तुम्हालाच माहीत. अकरा वर्षं तुम्ही बाबांच्या मागे होतात."

मागे. शब्द अगदी बरोबर होता. मालननं त्याला चहा विचारला नाही.

"आणि माझं नाव?"

"म्हणजे काय, येणारच. 'तानपुरा: शिष्यवर्ग' असं टाकणार आहोत."

"वर्ग कुठे होता रे देवू? एकटी होते मी. वर्ग भरायचा तेव्हा मी आत तुझ्या आईबरोबर गवार मोडत असायचे."

देवव्रतनं टीपॉयवरचे हेडफोन तिच्याकडे सरकवले. मग म्हणाला, "टाकू. नाव टाकू."

त्याला तिथूनच हाकलायला हवं होतं. पण मालननं ते हेडफोन ठेवून घेतले. इतक्या बारकाईनं ऐकू येणार असेल, तर एक गोष्ट तिला ऐकायची होती. फक्त एक. ती कुठली, हे तिनं देवव्रतला सांगितलं नाही.

२

पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये घाटकोपरची ती खोली उभी राहिली. पंतनगर, दुसरा मजला. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, ते दर फेरीला 'टक्' करायचं. आत बुवांच्या बायकोचा, काकूंचा, कुकर. खाली भंगारवाल्याची आरोळी. बुवा सुरुवात करण्याआधी ओठांवरून जीभ फिरवायचे, तो ओला आवाजही आला आणि मालनला किळस आली.

आणि डाव्या बाजूला, थोडा मागे, तानपुरा. तिचा. छेडताना हातातल्या चार बांगड्या कोपराकडे घसरायच्या, त्याही ऐकू येत होत्या. अकरा वर्षांत तिची म्हणून एवढीच वस्तू त्या टेपांवर उरली होती.

एकोणीसशे नव्वद साल. मालन बावीसची. वडील गिरणीतून घरी बसलेले, भाऊ गावी, आणि ती नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी भांडुपहून घाटकोपरला जायची. एका संध्याकाळी बुवांचा घसा बसला होता. मारवा राग चालला होता. बुवा खाकरून म्हणाले, "तू म्हण जरा." मालननं म्हटलं. धैवतावरून ती सरळ वरच्या रिषभावर गेली आणि तिथेच थांबली. सगळे वाट बघतात तो षड्ज तिनं दिलाच नाही. मुद्दाम केलं नव्हतं. सुचलं, गेली.

बुवांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "परत." तिनं चार वेळा म्हटलं. त्यानंतर ते म्हणाले, "तुझा आवाज तानपुऱ्यातच मिसळू दे. पुढे आणू नकोस. शोभत नाही."

तीन महिन्यांनी मुलुंडच्या एका सभागृहात बुवांनी मालनला सुचलेली तीच सुरांची जागा घेतली. लोक उभे राहिले. पेपरात आलं. पुढे सगळीकडे 'आगटेबुवांची जागा' म्हणूनच ती ओळखली गेली. मालन मागे तानपुरा धरून बसली होती. तोंड उघडायचं नाही, ही ताकीद होती आणि ती तिनं पाळली. पुढची आठ वर्षं पाळली. या पाळण्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग यायचा.

पण त्या संध्याकाळी मशीन चालू होतं. स्पूल फिरताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

आठव्या स्पूलमध्ये ती संध्याकाळ सापडली. पंख्याची टक्, बुवांचं खाकरणं, "तू म्हण जरा." मालनच्या हातातलं पेन थांबलं. आणि लगेच पुढे बुवा खोकले, म्हणाले, "काकूंना चहा टाकायला सांग." बस. तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "तू म्हण जरा" नंतर पंख्याची एक टक् अर्धवट होती आणि तानपुऱ्याची तार मध्येच तुटल्यासारखी उडी मारत होती. साध्या कॅसेटवर कुणाला कळलं नसतं. इथे कात्रीची जागा चक्क बोटानं दाखवता आली असती.

कापली होती. चार वेळा म्हटलेली ती जागा त्या माणसानं टेपमधून कापून टाकली होती आणि टोकं नीट चिकटवली होती.

मालननं हेडफोन काढून भिंतीवर भिरकावले.

३

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तीन वाजता बसली. हेडफोनला काही झालं नव्हतं. नववं स्पूल, ब्याण्णव सालचं. पंखा, कुकर, ओठांवरची जीभ. बुवांनी श्वास घेतला. आणि त्यामागून आणखी एक श्वास आला.

तानपुरा छेडणाऱ्याचा श्वास वर-वर चालतो. हा तसा नव्हता. पोटातून भरलेला, दाबून धरलेला, गाणाऱ्याचा श्वास होता. आणि तो डावीकडून, थोडा मागून येत होता.

मालननं सहा वेळा ऐकला. मग देवव्रतला फोन लावला.

"हां, ते होतं," तो म्हणाला. "टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली असते ना. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. बाबांच्याच श्वासाची सावली समजा."

"बाईचा आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. मग देवव्रत म्हणाला, "उमटताना आवाज पातळ होतो, मालनताई. तसं वाटतं."

तिला ते पटलं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला तारांमधून आवाज कसा गळतो हे कुणी शिकवायला नको होतं. पण दहाव्या स्पूलमध्ये तो श्वास दर आलापाआधी होता. अकराव्यात श्वासामागून दोऱ्याएवढा सूर निघाला. बाराव्यात तो दोरा धैवतावर जाऊन थांबला, जणू पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. वहीत तिनं तारखेच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. पान फाटेल इतकं पेन दाबून फक्त लिहिलं: मी गायले नव्हते.

त्या संध्याकाळी भाची जान्हवीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आते, तू गायला कधी लागलीस गो?"

जान्हवी भावाची मुलगी. कुडाळहून नोकरीसाठी आलेली, दोन वर्षं मालनकडेच राहत होती. ऑफिस पवईला, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम.

"मी? कधी?"

"आत्ता. रोजच की. माझ्या मीटिंगमध्ये सगळे विचारत होते, कोण गातंय म्हणून. मी म्हटलं, माझी आते. कसला भारी आवाज आहे तुझा! आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते."

"मी गात नव्हते. ऐकत होते."

"अगं, लाजतेस काय—"

"नव्हते म्हटलं ना!" मालन इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं.

पण रात्री पोळी गिळताना घसा दुखला. तासन् तास मेहनत केल्यावर ठणकतो, तसा.

४

कारण साधं असणार. कान बंद असले की माणूस नकळत गुणगुणतो. मालननं स्वतःला तीनदा समजावलं. तरी खात्री करून घ्यायची तिची रीत होती.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तिनं जान्हवीला हाक मारली. "आज मी आत बसले की तू दाराबाहेर स्टूल टाकून बस. काम तिथेच कर. काही ऐकू आलं तर किती वाजता ते लिहून ठेव."

"आते, काय झालंय तुला?"

"सांगते ते कर."

आत जाण्याआधी तिनं पाण्याचा मोठा घोट तोंडात घेतला आणि गिळला नाही. गाल फुगवून, ओठ मिटून ती खुर्चीत बसली. तोंडात पाणी असताना गाता येत नाही. पाणी तरी सांडेल, नाहीतर ठसका तरी लागेल. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. तिनं तेरावं स्पूल लावलं.

पंख्याची टक्. बुवांचा षड्ज. मग डावीकडून, आता अजिबात पुसट नसलेला, तो आवाज. बाईचा. विशीतला. बुवांच्या आलापाखालून तो वर येत होता आणि बुवांचा सूर किंचित हलत होता, पायाखालची फळी हलल्यासारखा. मालनला तो आवाज ओळखायला एक क्षणही लागला नाही. त्याच्यात लाज नव्हती, आर्जव नव्हतं. संताप होता. तिनं अकरा वर्षं गिळलेला सगळा संताप सुरात लागला होता, आणि तो इतका सुंदर लागला होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तोंडातलं पाणी तोंडातच होतं. कोमट झालं होतं. एक थेंब कमी नाही.

वीस मिनिटांनी तिनं हेडफोन उतरवले, बेसिनपाशी जाऊन पाणी थुंकलं, आणि दार उघडलं.

जान्हवी स्टुलावर नव्हती. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. लॅपटॉप जमिनीवर पडला होता.

"किती वाजता ऐकू आलं?" मालननं विचारलं.

"तीन वाजून दोन मिनिटांनी सुरू झालं."

"आणि थांबलं कधी?"

जान्हवीनं पाठ भिंतीला आणखी चिकटवली. "आते, आत्ता. तू माझ्याशी बोलायला लागलीस तेव्हा."

५

मालनला भीती वाटली नाही, असं नाही. पण भीती वाटली की तिला राग यायचा, ही तिची जुनी खोड. आणि राग आला की तिला कुणीतरी समोर लागायचं.

ही देवव्रतचीच काहीतरी करामत असणार. कॉम्प्युटरवर आजकाल कुणाचाही आवाज बनवतात. तिच्या तरुणपणीची एखादी टेप सापडली असेल, ती मिसळली असेल. का, ते तोच सांगेल. जान्हवीनं जे ऐकलं ते हेडफोनमधून बाहेर झिरपलेलं असेल. शुक्रवारी जान्हवी सकाळीच ऑफिसला गेली. दुपारी मालननं टॅब्लेट पिशवीत भरला आणि रिक्षा करून अंधेरी गाठली.

स्टुडिओ एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर होता. देवव्रतनं दार उघडलं आणि तिला बघून बाजूला झाला, जणू तो वाटच बघत होता. आतल्या खोलीच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला. दार लागलं तसं बाहेरचं जग पुसलं गेलं. मधोमध जुनं स्पूल मशीन होतं आणि समोर पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर.

"काय भेसळ केलीस यात?" मालननं पिशवी टेबलावर आदळली.

देवव्रतची दाढी वाढलेली होती. तो खुर्चीत बसला. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येतो."

"मलाही म्हणजे?"

"मला वाटलं माझेच कान गेले. तीन महिने तो आवाज काढायचा प्रयत्न करतोय मी. फिल्टर लावून एका ठिकाणचा काढला की दुसऱ्या दिवशी भलत्याच ठिकाणी असतो. म्हणून तर तुमच्याकडे आलो. वाटलं, तुम्ही म्हणाल की हो, त्या दिवशी मी गायले होते. मग प्रश्न मिटला असता."

"मला तोंड उघडायची परवानगी नव्हती, देवू."

"माहीत आहे."

"आठव्या स्पूलला कात्री कुणी लावली?"

त्यानं पिशवीतून टॅब्लेट काढून टेबलावर सरळ ठेवला.

"कुणी?"

"बाबांनी. आईनं बघितलं होतं. तिनंच मला सांगितलं." त्यानं मान वर केली नाही. "ती जागा तुमची होती, हेही सांगितलं."

मालनच्या कानात काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं. "कधी सांगितलं?"

"ती गेली त्या आठवड्यात. बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं तुला माहीत होतं. आणि तू माझ्या घरात बसून मला 'शिष्यवर्ग' म्हणालास."

"बाबांचं नाव होतं, मालनताई. त्या एका जागेवर आमचं सगळं घर उभं आहे. मी काय करायला हवं होतं?"

"बोलायला हवं होतं," मालन म्हणाली. "तुला तर कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं."

स्पंजच्या भिंतींनी तिचा आवाज तिथल्या तिथे गिळला. ओरडल्याचं समाधानसुद्धा मिळालं नाही.

"तू मला सोळा दिलीस. टॅब्लेटवर यादी सतराची आहे. सतरावं लाव."

"ते नको. त्या दिवशी बाबांचा..."

"त्या दिवशी मी तिथेच होते. लाव."

६

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी. मालनला तो दिवस नीट आठवत होता. संध्याकाळचे साडेपाच. तबलजी आला नव्हता, बुवा नुसत्या तानपुऱ्यावर मारवा गात होते. मध्येच थांबले. वळून मागे बघितलं. तिला वाटलं, तार उतरली. तिनं घाईघाईनं खुंटीला हात लावला. बुवांनी स्वतःचा गळा धरला. एवढंच. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतू लुळे पडलेत. नंतरची नऊ वर्षं ते कुजबुजत जगले आणि कुजबुजतच गेले.

देवव्रतनं टेप चढवली. चाकं फिरू लागली.

पंख्याची टक्. तानपुरा. बुवांचा आवाज स्पीकरमधून नव्हे, त्या दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या हवेतून आला. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. त्याच्या मागे, डावीकडे, बांगड्या घसरल्या. बुवा धैवतावर आले.

आणि तिनं सूर लावला.

आता तो दोरा नव्हता. पूर्ण, गोल, भरलेला आवाज. बुवांच्या वर चढून तो सरळ रिषभावर गेला आणि तिथे उभा राहिला. बुवांचा सूर फाटला. ते थांबले.

"मालन, बस कर," टेपमधले बुवा म्हणाले.

हे तिला आठवत नव्हतं. हे झालंच नव्हतं.

आवाज थांबला नाही. तानपुरा एका लयीत चालला होता, एक तारही इकडची तिकडे नाही.

"बस म्हटलं ना!"

कपड्यांची सळसळ. सतरंजीवर गुडघा घासल्याचा आवाज. बुवा वळत होते. मग बराच वेळ नुसता तो रिषभ, आणि त्याच्या आत बुडालेला एका म्हाताऱ्याचा स्वर, मालननं कधी ऐकला नव्हता इतका लहान झालेला:

"अगं... तुझं तोंड तर मिटलेलं आहे."

देवव्रतनं झडप घालून मशीन बंद केलं. चाकं थांबली. टेपचं टोक लोंबकळत राहिलं.

रिषभ थांबला नाही.

त्या खोलीत काहीही घुमत नव्हतं. त्यामुळे आवाज कुठून येतोय यात शंकेला जागाच नव्हती. देवव्रत खुर्चीसकट हळूहळू वळला आणि मालनकडे बघू लागला. ती नजर तिनं आयुष्यात एकदाच बघितली होती, आणि तेव्हा तिला वाटलं होतं की तार उतरली.

तिनं ओठांना हात लावून बघितला. मिटलेले होते. गळ्याला हात लावला. शिरा थरथरत होत्या.

"मालनताई, बस करा," देवव्रत म्हणाला.

थांबवता येईल, असं तिला वाटलं. नक्की वाटलं. तो संताप कुठे धरून ठेवलाय हे तिला ठाऊक होतं. मूठ उघडली की झालं. समोर हा वयस्क होत चाललेला मुलगा होता. शाळेतून आला की तिच्याकडून दप्तर उतरवून घ्यायचा तोच. त्यानं चोरी केली नव्हती. त्यानं फक्त ती झाकली होती.

"बस करा ना," तो म्हणाला.

बस. पुढे आणू नकोस. शोभत नाही. अकरा वर्षं तो शब्द तिनं ऐकला होता आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली होती.

मालननं मूठ उघडली नाही.

देवव्रतनं तिसऱ्यांदा तोच शब्द म्हटला, पण या वेळी नुसते ओठ हलले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग त्याचा हात सावकाश गळ्याकडे गेला. आणि तेव्हा कुठे आवाज थांबला, पोटभर जेवून उठल्यासारखा.

७

रस्त्यावर लख्ख ऊन होतं. मालन रिक्षाच्या रांगेपाशी उभी राहिली. आपण घाबरायला हवं, धावत वर जाऊन त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं, हे तिला कळत होतं. पण कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. गुडघेसुद्धा दुखत नव्हते.

"किधर?" रिक्षावाल्यानं विचारलं.

तिनं भांडुप म्हटलं. तो तिच्याकडे बघत राहिला. "किधर, मॅडम?"

तिनं पुन्हा म्हटलं. तोंडातून हवा आली. घसा बसला असणार, ती मनाशी म्हणाली. तिनं मोबाईलवर पत्ता टाकून त्याच्यासमोर धरला.

पवईच्या आसपास रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा सहा वाजायला आले होते. जान्हवी एव्हाना ऑफिसातून घरी पोचली असेल. तिला एकटीला त्या घरात बरं वाटणार नाही. मालननं फोन लावला.

"हॅलो?" जान्हवीचा आवाज नेहमीसारखाच होता. "हॅलो? कोण बोलतंय?"

मालन बोलली. काहीच गेलं नाही. तिनं फोन कानावर दाबला, आणि जान्हवीच्या मागून तिला मारवा ऐकू आला. मागच्या खोलीतून, बंद दाराआडून, मोकळ्या गळ्यानं.

"हा माझ्या आतेचा नंबर आहे," जान्हवी म्हणत होती. "तुम्हाला मोबाईल सापडलाय का? हॅलो? बोला ना काहीतरी." मग तोंड फोनपासून बाजूला करून मोठ्यानं, "आते! अगो आते! तुझा मोबाईल कुठे पडला काय?"

चपलांचा आवाज मागच्या खोलीकडे निघाला.

मालन ओरडली. रिक्षावाल्यानं मागे वळूनही बघितलं नाही. तिनं दोन्ही हातांनी गळा आवळला, पोटातून जोर लावला, ओरडण्यासाठी तिनं तो राग शोधला, तीस वर्षांत हाकेसरशी आला नाही असं कधी झालंच नव्हतं. तो नव्हता. जिथे असायचा तिथे सामान हलवलेल्या घरासारखी नुसती जागा होती.

फोनमध्ये कडी वाजली. गाणं थांबलं.

मग जान्हवी हसली. सुटल्यासारखी, मोकळं हसली.

"हुश्श. आहेस ना इथेच? घाबरले ना मी. काही नाही गो, तुझ्या नंबरवरून कोणीतरी फोन करतंय. बोलतच नाही."

आणि तिनं फोन ठेवला.